कबरीवर नेलेले दहा जण

अकोल्याच्या मालधक्क्यावर मी हमाल होतो तवाची गोष्ट. आमी मिशनचे किरिस्ताव. चर्चात मी मागच्या बाकावर बसून लोकाइले हासवो, एवढीच माह्यी भक्ती.

बायको तापानं पडली होती. म्हणे, "आज जवळ बसा ना." मी म्हणलो, "ड्युटी हाये." अन् गेलो कुठी, त बडनेऱ्याले. ठेसनावर एक चहावाली होती, तिले पाहाले. घंटाभर केसं विंचरत उभा राह्यलो. तिनं चहा देला अन् म्हणे, "घ्या बाबा." झालं माह्यं प्रेम.

परत आलो तवा बायकोची वाचा गेली होती. आठ रोजानं ते गेली.

पादरीसाहेबाले सारं सांगतलं. साहेब चांगला माणूस. म्हणे, "मनात वासना आली तिथंच पाप झालं. आपण सारे त्यातच जन्मतो. गुडघे टेक, येशूनं ते आपल्या अंगावर घेतलं आहे." मी टेकले, रडलो. इतकं हलकं वाटलं का घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मंग एक रोज पार्सलबाबू आला. तो कोकणातला बेने इस्राएल, ज्यू माणूस. वर्षाच्या मोठ्या उपासाआधी ज्याले दुखवलं त्याची माफी मागाचा त्याइचा रिवाज. म्हणे, "तुला गाढव म्हणालो होतो, माफ कर."

"ते त खरंच हाये बाबू."

तो हासला नाही. त्याच्यानं माह्या तोंडून सारं निघालं.

"इच्छा देवानंच दिली," तो म्हणे. "ती नसती तर कोणी लग्न केलं नसतं, घर बांधलं नसतं. तू ती आवरली नाहीस आणि बायकोशी खोटं बोललास. ते देव परस्पर माफ करत नाही. तिनंच करायचं."

"ते त मेली ना."

"मग दहा माणसं घेऊन कबरीवर जा. त्यांच्यासमोर तिची माफी माग."

रविवारी नऊ हमाल अन् बाबूले घेऊन गेलो. टोपी काढून म्हणलो, "मी तुले खोटं बोललो. ड्युटी नव्हती. बडनेऱ्याले बाई पाहाले गेलतो."

एक जण फिसकन हासला. मंग सारेच. त्याइले वाटलं, याची नक्कल सुरू झाली. मी त्याइले दुसरं काही कधी आयकवलंच नव्हतं.

"कोणती बाई बे? सांग ना."

अन् मी सांगतलं. केसं कसे विंचरले तेबी करून दाखवलं, बायकोच्या उशाशी उभा राहून. हासून हासून एकाले ठसका लागला. माफीचा शब्द राहूनच गेला.

निंगताना बाबूनं हळूच इचारलं, "मागितलीस?"

मी म्हणलो, "हो."

कबर अजून चार पावलांवर होती. तिले आयकू गेलं असन.