वाळल्यावरचा निळा

पारदर्शक म्हणून आणलेलं ॲक्रिलिक मीडियम बशीत ओतलं, तर ते दुधासारखं पांढरं निघालं. दुकानदार म्हणालाच होता, "ताई, वाळलं की काचेसारखं होतं. ग्लॉसी देऊ की मॅट?" मी दोन्ही घेतली. माझी धाकटी बहीण मंजू कोणतं वापरायची, ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मंजू रंग घरीच करायची, रंगाची पूड या मीडियममध्ये घोटून. ती गेली तेव्हा तिने काढायला घेतलेलं आईचं चित्र निळ्या लुगड्याच्या पदराशी अपुरं राहिलं. तेवढा पदर आपण पुरा करावा, असं मी ठरवलं. तिच्या घरी जाऊन पूड चमच्याने मोजली, घोटली, चित्रातल्या निळ्याशी अगदी जुळवली आणि लावली. जेवून येऊन बघते तो माझा निळा काळपट झालेला. वाळताना मीडियमचा पांढरेपणा निघून गेला होता.

"ओला रंग कसला जुळवतेस, यादीवाल्या बाई?" मंजू असती तर म्हणाली असती.

तिच्या तेराव्यापर्यंत पाहुणे, भांडी, निरोप सगळं मी याद्या करून चोख सांभाळलं होतं. "किती सावरलीस," सगळे म्हणाले. मलाही ते दुःख पेलवेल इतकं फिकं वाटलं. ते अजून ओलं होतं.

मंजूचा नवरा चित्रासमोर येऊन उभा राहिला. "राहू दे, ताई. पुसू नका."

वाळलेला रंग पुसता येणारही नव्हता. मंजूचा हात नेमका कुठे थांबला, ते आता दारातूनच दिसतं.