पाच वर्षांनी लहान चित्र

कोणतंही चित्र समोर आलं की काका कोपऱ्यातल्या तारखेपुढे हात आडवा धरायचे. "आता बोल, कधीचं वाटतं?" हात चित्रापासून वीतभर लांब असायचा; तरी संग्रहालयातला पहारेकरी धावत यायचा.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधले निवृत्त काका तुम्ही पाहिलेच असतील. टोमॅटो लावतात, नाहीतर मुलीला ड्रायव्हिंग शिकवतात. आमचे काका (नात्यानं नव्हे, वयानं) ट्रेननं शिकागोला येऊन एका छोट्या संग्रहालयात फुकट राबायचे. तरुणपणी मॉस्कोत इंजिनिअरिंग केल्यामुळे त्यांना रशियन यायचं. क्युरेटरबाईंना यायचं नाही. पण त्या रशियन चित्रांच्या तज्ज्ञ होत्या, त्यामुळे काही अडत नव्हतं. मी तिथे कॉम्प्युटरवर चित्रांच्या नोंदी भरायचो, व्हिसावर.

२००४ साली एक चित्र आलं: समोवारशेजारी, म्हणजे चहाच्या रशियन बंबाशेजारी, बसलेली शेतकरीण. रंग खेड्यातल्या जत्रेत मिळणाऱ्या छापील चित्रांसारखे भडक. बाई मात्र क्यूबिझमच्या थाटात नळकांडी आणि त्रिकोणांची. कोपऱ्यात चित्रकारानं १९१० लिहिलेलं. म्हणजे रशियातलं असं पहिलंच! प्रदर्शनाची आमंत्रणं छापून झाली.

"अशी नळकांडी पॅरिसमध्ये निघायच्या आधीच या बाईनं मॉस्कोत अंगावर चढवली?" काका म्हणाले.

समोवारवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून वर पातळसा रंग दिला होता. काकांनी भिंग लावून वाचलं. पहिल्या महायुद्धातली, आघाडीवरची बातमी होती. चित्र पाचेक वर्षांनी लहान निघालं.

"पण काका, तारीख चित्रकारानं स्वतः लिहिलीय."

"म्हणूनच! पहिला यायची हौस त्यालाच असणार. आमच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनला लावला. तोच कागद दाखवून मी अमेरिकेत आलो. मला तारखा शिकवतोस?"

क्युरेटरबाई 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणाल्या. अमेरिकेत याचा अर्थ 'या आता' असा होतो.

"तू नोंदीत तरी खरं लिही," काका मला म्हणाले. "एवढंच कर, बाबा."

मी १९१० टाइप केलं. माझं ग्रीन कार्ड संग्रहालयाच्या कागदांवर अडकलं होतं. भित्र्या माणसाला कारण लागतंच. माझं निदान सरकारी होतं. काकांनी स्क्रीन पाहिला, कोट घातला, आणि पुन्हा आले नाहीत. मीही फोन केला नाही. लाज वाटत होती.

चार वर्षांनी न्यूयॉर्कहून एक तज्ज्ञ आला. त्याला तोच तुकडा दिसला. पाटी बदलली, खाली त्याचे आभार. नोंद मीच दुरुस्त केली आणि त्याच उत्साहात काकांच्या घरी फोन लावला.

काकूंनी उचलला. "अरे, ते गेले की. गणपती झाले आणि गेले. काही काम होतं का रे?"

काम सांगितलं असतं तर इतकी वर्षं कुठे होतास, असं त्यांनी विचारलं असतं.

"नाही काकू," मी म्हणालो. "सहजच केला होता."