आंबट न राहिलेली द्राक्षं

पुनावळ्यात आमच्या घरामागे द्राक्षाचा वेल आहे. वाईनच्या द्राक्षाचा. यांनी दिंडोरीहून, भावाच्या मळ्यातली काडी आणून लावला होता. सगळी नोकरी चाकणच्या कंपनीत झाली, तरी हे म्हणत राहिले की इथेही द्राक्षं येतील. मागच्या वर्षी माघात हे गेले. वर्षश्राद्धाच्या पानावर या वेलाचा एक तरी चांगला घड ठेवायचा, एवढंच मी ठरवलं होतं.

"खायच्या द्राक्षाला गोडी पुरते," हे सांगायचे. "वाईनच्या द्राक्षानं आंबटपणाही राखायला हवा." दिंडोरीकडे दिवसा ऊन तापतं, पण सूर्य डोंगराआड गेला की गारवा उतरतो आणि तो आंबटपणा राखतो. हे गेल्यावर मी पुस्तकं आणून वाचली. त्यांतही तेच लिहिलं होतं.

छाटणी कधी करायची, ते दिंडोरीच्या दिरांना फोनवर विचारलं.

"दसरा झाला, उघडलंय. मारा कात्री, वहिनी."

उघडलं होतं ते त्यांच्याकडे. आमच्याकडे मावळातून ढग येतच राहिले. कोवळ्या घडांवर केवडा पडला. असल्या बुरशीला इतकं सुवासिक नाव कुणी दिलं, कोण जाणे. अर्धे घड गळून गेले.

उरलेल्यांसाठी थंडीची वाट पाहिली. चारी बाजूंना टॉवर झालेत. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री ऊब सोडत राहतात, पवना नदीकडचा वारा मध्येच अडतो. झोपण्याआधी मी मागच्या भिंतीला हात लावून बघायची. कोमट. भिंतीवर चिडून काय होणार? तरी चिडायची.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काकू, केवढीशी ही द्राक्षं! नुसत्या बिया. थेरगावच्या मंडईतून आणा की चांगली."

मी वेलाची वाळकी पानं खुडत राहिले.

श्राद्धाला दीर आले. पिकलेल्यांतला बरा घड पानावर वाढला. जेवणं झाल्यावर वेलावरचा दुसरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक मणी चावला, बिया अंगणात थुंकल्या. जन्मभर द्राक्षं केलेला माणूस. त्यांच्याकडून तरी मला खरं ऐकायचं होतं.

"गोड आहेत, वहिनी," ते वेलाकडे बघत म्हणाले.

गोड होतीच. साखरेच्या पाण्यासारखी, नुसती गोड.

"आंबट आहेत का, ते सांगा," मी म्हणाले.

ते हात धुवायला उठले.