मोगऱ्याची हमी

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा अक्षर आणि शुद्धलेखन दोन्हींची माफी असावी.

मोहोळकडचा एक रोपवाला आमच्या गल्लीत यायचा. "जगला न्हाय तर पैसं परत, वैनी," म्हणत मिशीला पीळ द्यायचा. मोगरा वाळल्याची तक्रार केली, की मान वळवून हळूच विचारायचा, "कुणी विटाळशी शिवली असंल की?" बायका लाजून दुसरं रोप घ्यायच्या.

माझाही मोगरा वाळला. घरात बायका आम्ही दोघीच. म्हाताऱ्या सासूबाईंनी चार आणे परत मागितले, तर त्यानं तेच विचारलं. मी दाराआडून नुसती पुढं येऊन उभी राहिले. मला सातवा महिना होता.

"ही शिवली, का मी रे?" सासूबाई म्हणाल्या.

त्यानं कनवटीला हात घातला आणि चारही आणे मोजून दिले.