सांभाळून घेणारी काठी

पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकून मासा पकडायला शिकायचं, असं निवृत्तीनंतर मनात आलं आणि मी काठी घ्यायला गेलो. दुकानातल्या बाईंनी परवडणाऱ्या दोन काठ्या पुढे ठेवल्या. मी छत्री घेताना झटकावी तशा दोन्ही झटकून पाहिल्या. सारख्याच वाटल्या, तरी जाणकारासारखी मान हलवली.

बाईंनी दोन्हींना हलका हिसका दिला. एकीचं टोक लगेच थांबलं, दुसरीचं कितीतरी वेळ झुलत राहिलं.

"ही ताठ. फेक चुकली की दोरा गुंततो. ही मऊ, जरा सांभाळून घेते. नवशिक्याला हीच बरी."

मी गोंधळलो. सांभाळूनच घेतलं, तर आपलं चुकतंय हे कळणार कसं? घरात पस्तीस वर्षं मला सांभाळून घेतलं गेलंय, आणि काय काय चुकलं ते मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी मऊच घेतली. घरी बायकोने ती हातात घेऊन झुलवली, थरथरणाऱ्या टोकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जरा ताठ नव्हती का?"