वन्संची दोरी

आयुष्यात मी चोरी एकदाच केली, तीही नणंदेच्या पाळीच्या कापडांची. लेकाकडच्या नातींना सांगते तेव्हा त्या खो खो हसतात. मीही हसते, पण निम्मीच गोष्ट सांगते.

आमच्या वन्संइतकी निर्लज्ज बाई अख्ख्या वेल्ह्यात झाली नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मी सातवी पास, त्यामुळं अक्कल जरा जास्तच. नवरा गेल्यावर वन्सं मार्गासनीला आमच्याकडंच राहायला आल्या. गावातल्या बाया ती कापडं गोठ्यामागं, गोणपाटाखाली वाळत घालायच्या. आमच्याकडच्या पावसात ती वाळायची कुठली, नुसती कुबट व्हायची. वन्सं मात्र भर अंगणात, रस्त्याकडच्या दोरीवर. वर सरपंचांना हाक, "दादा, वाईच वाकून जावा, कापडं हायती!" एकदा लग्नाच्या पंगतीत नव्या नवरीला म्हणाल्या, "पोर लगीच नगं गं. गोळ्या कुठं मिळत्यात, म्या सांगते." नवरीच्या सासूचा घास घशातच राहिला.

माझी लेक चौदाची होती. पाहुणे यायचे म्हणून मी दोरीवरची कापडं ओढून कणगीमागं कोंबली. वन्सं घरभर शोधत फिरल्या, तेव्हा लेकीसमोरच त्यांना म्हणाले, "लाज कोळून प्यायलेली बाई!" वन्सं हसल्या. "उन्हाला कसली आलीया लाज?" म्हणाल्या, आणि दुसरी कापडं धुवायला बसल्या. पुढच्या महिन्यापासून लेक आपली कापडं गोणपाटाखाली घालू लागली. पोर शहाणी झाली म्हणून मीच तिचं कौतुक केलं.

लेकीच्या लग्नाला पाच वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून तिला भोरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. अंगावरून जाणं, ओटीपोटात कळा, सगळं लग्नाआधीपासूनचं निघालं. आतल्या नळ्या बंद झालेल्या. "फार उशीर केलात," एवढंच बाई म्हणाल्या.

वन्संना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. एसटीतून उतरून अंगणात आलो, तर दोरी तिथंच, रिकामी. मी लेकीवरच चिडले. म्हटलं, "मला न्हाई तर न्हाई, घरात आत्या होती. तिला तरी सांगायचंस!"

तिनं दोरीला हात लावला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्याला सांगितलं असतं, तर ती तुझ्याकडंच आली असती. अन् तिला म्हनलीस तेच तू मलाबी म्हनली असतीस, आई."