फटफटीची धाकटी चक्री

हैदराबादेहून आमच्या घरी फटफटी आली तेव्हा हिंगोलीच्या वकीलमंडळींत तिच्या वेगाची चर्चा रंगली. माझे यजमानही वकीलच. मी मात्र त्या गाडीकडे एकाच दृष्टीनं पाहत होते, ही मला माहेरी नेईल का? त्या काळी माहेरी जायचं म्हणजे मुराळी यायला हवा, म्हणजे भावानं बैलगाडी घेऊन न्यायला यायला हवं. पेरणीच्या दिवसांत बैल मोकळे नसत, काढणीला भाऊ मोकळा नसे, आणि दोघं मोकळे असले की नेमके सासूबाईंना पापड आठवत. वर्षातून एखाद वेळी आईचं तोंड दिसलं तरी पुष्कळ. बरं, गाव काही लांब नव्हतं. कळमनुरीच्या रस्त्यानं थोडं जायचं, मग गाडीवाटेनं कयाधू नदीत उतरायचं आणि पलीकडची दरड चढली की आलंच. फटफटी आल्यावर सासूबाईंनी मुभा दिली की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणार असशील तर दर शुक्रवारी जा. हैदराबादच्या राज्यात तेव्हा कोर्टाला शुक्रवारी सुट्टी असे.

फटफटी नवी कोरी, लांबच्या प्रवासासाठी घेतलेली, आणि बाजूला माझ्यासाठी साइडकार. दुकानदारानं दोन दातेरी चक्र्या दिल्या होत्या, एक थोरली, एक धाकटी. इंजिनाला थोरली लावली तर गाडी सपाटीवर सुसाट पळते, पण सावकाश चालताना तिच्यात जोर राहत नाही. धाकटी लावली तर पळणं कमी होतं, पण ओझं घेऊनही गाडी चढ हळूहळू रेटत जाते. साइडकार जोडली की धाकटीच लावा, असं दुकानदारानं बजावून सांगितलं होतं. हे सगळं मला यांनीच समजावलं, आणि थोरली लावली.

"काहून?" मी विचारलं.

"धाकटी लावली की तिची बैलगाडी व्हते," हे म्हणाले.

जोर विकत घ्यायचा आणि अवजारांच्या पेटीत घालून हिंडवायचा, असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पण लग्न तसं नवंच होतं, म्हणून गप्प बसले. मला फार वेळ गप्प बसवत नाही हे यांना अजून कळायचं होतं.

पहिल्याच शुक्रवारी निघालो. पदर कानांवरून आवळून मी साइडकारमध्ये बसले. दोन्ही बाजूंची ज्वारी मागं पळायला लागली तसं मला हसू फुटलं. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मग मनसोक्त हसून घेतलं. नदीला घोटाभर पाणी होतं. यांनी अलीकडूनच वेग धरला, पाणी उडवत पार झालो आणि त्याच भरात पलीकडची दरड चढलो. वर पोचता पोचता गाडीला धाप लागली होती, पण पोचली.

बाबांनी बैल पारखावा तशी तिच्याभोवती फेरी मारली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी झ्याक हाय. पण पोरीला रस्त्यात उतरवणारं वाहन मला चालायचं न्हाई. एकडाव जरी अडली, तर पुढं मुराळीच येईल." बाबा एकदा बोलले की ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. गाडी अडली की माझं शुक्रवारचं माहेर संपलं, एवढं मला स्वच्छ कळलं.

दुपार कलताना निघायला बाहेर आलो, तर आई साइडकार भरत होती. लेक सासरी रिकाम्या हातानं पाठवायची पद्धत नाही. हळदीचं गाठोडं, तुरीची डाळ, ज्वारीचं अर्धं पोतं, लोणच्याची बरणी, आणि माझ्या मांडीवर गुळाची ढेप. वस्तू चढत गेल्या तसा यांचा चेहरा उतरत गेला. पण जावयानं सासूला नको कसं म्हणायचं? तिच्यासमोर यांच्या तोंडून 'हो' आणि 'बरं' याखेरीज शब्द निघत नसे. "बरं," हे म्हणाले.

भाऊ नदीपर्यंत पोचवायला आला आणि गावाकडच्या काठावर उभा राहिला. हिंगोलीकडची दरड जास्त उभी. यांनी वेग धरला, निम्म्यावर गेलो, इंजिन घुसमटून बंद पडलं आणि आम्ही उलटे घरंगळत पुन्हा पाण्यात. मग यांनी हँडलवरच्या दांड्या मागंपुढं करून पाहिल्या. मग आणखी लांबून धाव घेतली. दर वेळी ती निम्म्यावरची जागा आली की गाडी हात टेकायची.

"तू जरा उतर. चालत ये वर," हे म्हणाले.

"चालतच जायचं तर फटफटी कशाला?"

"मग ती ढेप तरी ठेव इथं."

"आईनं दिलेला गूळ पाण्यात ठेवू? त्यापरीस तुमी ती थोरली चक्री ठेवा."

तेवढ्यात पलीकडून भावानं हाक दिली, "बैल आणू काय?"

"बैल आले तर बाबा मला या गाडीत पुन्हा बसू देणार न्हाईत," मी यांना म्हणाले. "मग तुमी एकटेच पळवा." डोळे भरून आले होते, रागानं की रडू येऊन, ते माझं मलाच कळेना. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पलीकडे तोंड करून ओरडले, "बैल नको. आमी जरा नदीवर बसून राहिलो."

नवराबायको दिवसाढवळ्या नदीवर बसून राहिलेत म्हटल्यावर भावाची काय बिशाद तिथं थांबायची. बिचारा मान खाली घालून जो वळला, तो मागं न पाहता घरी गेला.

यांनी गाडी कोरड्या वाळूवर घेतली आणि पेटी उघडली. इंजिनावरचं झाकण सोडवलं, साखळी काढली, थोरली चक्री ओढून काढताना बोटांची सालं निघाली. सुटलेले नट मी पदरात धरून बसले. माझं चांगलं हिरवं लुगडं तेलानं काळं झालं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. धाकटी बसवून साखळी ताणून होईपर्यंत ऊन उतरलं होतं.

या खेपेला यांनी धाव घेतलीच नाही. पाण्याच्या कडेनं सावकाश निघालो आणि दरडीला लागलो. गाडी एका लयीत धडधडत होती. ती जागा आली तेव्हा मी ढेपेला मिठी मारून श्वास रोखला. गाडी अडखळली नाही. माणूस चालेल इतक्या हळू, मला आणि आईच्या सगळ्या प्रेमाला घेऊन ती चढत राहिली, आणि वर आली. मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

सपाटीवर यांनी गाडी उभी केली. घाम पुसताना कपाळावर काळा पट्टा ओढला गेला होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढं कधी यायचं, ते आता तूच सांगत जा."

माहेरी कधी जायचं हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आधी बाबा ठरवत, मग सासूबाई.

"उद्या," मी म्हणाले.